पेरू कशाने मेला

आमच्या घरात ही गोष्ट विनोदी म्हणून सांगतात. पेरू वाळला, आत्या म्हणाली पोरीने विटाळशी असताना हात लावला म्हणून वाळला, पोरीने दोन कुंड्यांत दोन रोपं लावून आत्याला खोटं पाडलं, संपली गोष्ट. माझे वडील, त्यांना मी अण्णा म्हणत असे, ती फार रंगवून सांगायचे. आत्याचा आवाज काढायचे, माझा काढायचे, आणि शेवटी ‘आमची ज्योती तेव्हापासूनच सायंटिस्ट’ असं म्हणून चहाचा कप उचलायचे. परवा माझ्या धाकट्या मुलीने तीच गोष्ट तिच्या सासरी जेवणाच्या टेबलावर तशीच्या तशी सांगितली. कप उचलण्यासकट. सगळे हसले. मी आमटीची वाटी हातात धरून बसले होते. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली, तरी गोष्ट त्यांचीच चालू आहे, आणि मी गेल्यावर तीच उरणार, हे मला तिथे कळलं. म्हणून हे लिहिते आहे. यात हसण्यासारखं फार नाही.

आम्ही तेव्हा गोरव्याला राहायचो, गुजराती वस्तीच्या एका सोसायटीतल्या बैठ्या घरात. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पत्र्याची पडवी आणि पडवीपुढे फरशी न घातलेला मातीचा तुकडा. अण्णा नंदेसरीला एका रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर होते. कारखान्याची बस सकाळी नाक्यावर यायची आणि संध्याकाळी तिथेच सोडायची. त्यांचा घामसुद्धा रंगीत होता. आईने कितीही उकळली तरी त्यांच्या उशीची खोळ कधी पिवळी, कधी गुलाबी राहायची, आणि पाहुणे यायचे असले की ती उशी आधी पलंगाखाली जायची. घरात माणसं चार: अण्णा, आई, मी आणि आत्या. आत्या अण्णांची थोरली बहीण. मूलबाळ नाही, नवरा गेलेला. खानदेशातल्या सासरहून ती भावाकडे आली तेव्हा तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी, लोणच्याची एक बरणी आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेला पेरूचा एक फुटवा होता. ‘भांडी त्यांची, दागिने त्यांचे. झाड मी लावलं होतं, ते माझं,’ असं ती म्हणायची. सासरहून मागून आणलेली तिची ती एकच वस्तू.

पेरूला झाड म्हणायची पद्धत आहे, पण आमचा पेरू झुडूपच होता. कंपाउंडची भिंत घालताना गवंड्याने त्याचा बुंधा तोडला होता आणि मग तो मुळापासून पाच-सहा फांद्यांनी फुटून आला, रुंद, बसका, माझ्या डोक्याहून हातभर उंच. त्या गवंड्याला आत्याने पुढे कधी आमच्याकडे चहा मिळू दिला नाही. फांद्या गुळगुळीत, सालीचे पापुद्रे निघाले की आत हिरवट नक्षी. फुलं पांढरी, मधे केसरांचा झुबका. ते केसर गळून ओल्या फरशीला चिकटायचे आणि केर काढताना आई पुटपुटायची, आत्याला ऐकू जाणार नाही इतपत. फळं लहान, आतून गुलाबी, बियाच बिया. थंडीत ती पिकली की संध्याकाळी घरात दोन वास असायचे, एक पेरूचा आणि एक बसमधून उतरलेल्या अण्णांचा. आत्या करकरीत पेरूची बिया काढून भाजी करायची, जिरं, मिरची आणि बचकभर गूळ घालून. पिकलेल्याची दह्यातली कोशिंबीर, वरून हिंग-मोहरीची फोडणी. भिंतीपलीकडची कोकिळामासी त्याच भाजीत धणेपूड घालून तिला जामफळनुं शाक म्हणायची. ती आत्याला तिच्या गुजरातीत फोईबा म्हणे. भाजी मूळची कोणाची यावरून भिंतीच्या दोन्ही बाजूंनी त्यांचा वाद चालायचा. “फोईबा, आ तो अमारुं छे,” मासी म्हणायची. “भाजी ठेवा तुमची,” आत्या म्हणायची, “पेरू माझा आहे.”

आता चार दिवसांविषयी. आत्या येण्यापूर्वी आईने घरात यातलं फार काही ठेवलं नव्हतं. दोन खोल्यांत कोण कुठे वेगळं बसणार. आत्या आल्यावर थोडी घासाघीस झाली आणि तीन गोष्टींवर मिटलं: देव, लोणच्याची बरणी आणि पेरू. या तिन्हींना त्या दिवसांत शिवायचं नाही. बाकी हिंडा-फिरा, शाळेत जा. मी बारावी सायन्सला होते. देव आणि लोणचं यांचं मला काही वाटत नव्हतं. पेरूचा मात्र राग यायचा, कारण मी दुपारी भुकेली घरी यायचे आणि तो समोर लगडलेला असायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर अण्णांनी निळा ड्रम आणला. आमच्या भागात नळाला सकाळी थोडा वेळ पाणी असायचं, त्यामुळे साठवायला मोठं भांडं हवंच होतं. नंदेसरीला जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या घरी कारखान्याचा एखादा रिकामा ड्रम असायचाच. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे, उलट ज्याच्याकडे नाही तो आपल्यालाही एक मिळवून द्या म्हणून मागे लागायचा. अण्णांनी चार घरी मिळवून दिले होते, त्यात कोकिळामासीकडे एक. प्यायचं पाणी आई नळाखालीच हंड्या-कळशीत भरायची, तुळशीला आत्या पूजेच्या तांब्यातलं घालायची. ड्रमचं पाणी धुण्याभांड्याला आणि पेरूला. नव्या ड्रमला दवाखान्यासारखा वास होता. “धुऊन आणलाय,” अण्णा म्हणाले. “जाईल वास.” वास गेला. म्हणजे आम्हाला त्याची सवय झाली.

त्यानंतर एका दुपारी, माझ्या दुसऱ्या दिवशी, मी एक पेरू तोडला. आई झोपली होती. आत्या पडवीच्या दारात तांदूळ निवडत होती, ते माझ्या लक्षात आलं नाही. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, “खा आता, तोडलाच आहेस तर.” मी खाल्ला. आठवड्याभरात पेरूची कोवळी पानं वाकडी व्हायला लागली. वाळून नव्हे, वाकडी. देठ पिळल्यासारखे, पानं चमच्यासारखी आत वळलेली, शेंडे खाली मान घातलेले. मग जुनी पानं पिवळी पडून गळाली, लहान फळं फांदीवरच टणक होऊन काळी पडली. पेरूला असं होत नाही. तोडा, छाटा, विसरा, तो पुन्हा फुटतो. आत्या रोज ड्रममधून त्याला जास्तीचं पाणी घालायला लागली. बुंध्याशी वाढणाऱ्या दूर्वा मात्र हिरव्यागार राहिल्या. रोज सकाळी ती त्या खुडून गणपतीला वाहायची आणि मला दाखवायची. “बघ, देवाचं ते वाचलं. हात लागला ते गेलं.”

पुढचा महिना आला तेव्हा निकाल लागला. सकाळी मी दप्तर घेऊन निघाले तर आत्या दारात. “आजपासून चार दिवस पडवीत बसायचं. शाळा नाही. घरातलं जितंजागतं झाड गेलं, आता आणखी काय घालवायचंय?” त्या दिवशी माझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं. आधीच्या महिन्यात तापामुळे एक बुडालं होतं. मी ते सांगितलं. आईने अण्णांकडे पाहिलं. अण्णा बुटाची नाडी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, “ताई म्हणते तर बस. चार दिवसांचं काय ते.” आणि बस गाठायला गेले.

तेव्हा त्यांना माहीत होतं. हे वाक्य मी इथेच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना विसरायला होणार नाही.

पडवीत बसणं म्हणजे नेमकं काय, हे माझ्या मुलींना मी सांगते तेव्हा त्यांना ते जुन्या काळातलं वाटतं. एक गोणपाट, एक वेगळं ताट-भांडं, आणि सगळे जण येता-जाता तुमच्यापासून अंग चोरून जाणार. ड्रमला मी शिवायचं नाही, म्हणून आई सकाळी नळ चालू असतानाच माझ्यासाठी वेगळी बादली भरून ठेवायची. पुस्तकं शिवली तर चालतात की नाही याबद्दल आत्याने थोडा विचार केला आणि परवानगी दिली. मी वाचलं नाही. भिंतीपलीकडे पाहत बसले. तिथे मांडवावर कोकिळामासीची पापडीची वेल होती. दर संक्रांतीला, म्हणजे तिच्या उत्तरायणला, त्या वेलीच्या पापडीचं ऊंधियुं आमच्याकडे यायचं. त्या दुपारी मी पाहिलं तर वेलीचे शेंडे पिळलेले होते. पानं चमच्यासारखी आत वळलेली. आमच्या पेरूचीच नक्कल.

मासी कपडे वाळत घालायला आली तेव्हा मी विचारलं. “जो ने, ज्योती,” ती म्हणाली, “आ पापडीने शुं थयुं. जीवात पडी हशे.” कीड असेल म्हणे. तिच्या घरात दोन मुलगे आणि नवरा. तिथे वेल वाळली तर कीड पडते. आमच्याकडे मुलगी होती. म्हणून आमच्या झाडाला कीड पडत नाही.

मला पडवीत बसवलं नसतं तर ती वेल मला दिसलीच नसती. हे आत्याचे उपकार.

संध्याकाळी अण्णा मागे हातपाय धुवायला आले तेव्हा मी गोणपाटावरूनच म्हणाले, “अण्णा, मासीच्या वेलीचंही असंच झालंय. त्यांच्याकडेही तुम्ही दिलेला ड्रम आहे. त्यात काही असेल का?”

“काही नाही त्यात. रंगाचे ड्रम आहेत. चारदा धुतलेत.”

“मग दोन्हीकडे सारखंच कसं झालं?”

“हवेने होतं,” ते म्हणाले. “तू अभ्यास कर.”

मी विचारलं होतं. सरळ, त्यांच्या तोंडावर, मराठीत. ते म्हणाले काही नाही. मला वाटलं, बरोबर असेल, त्यांचं तर तेच काम आहे.

तरी दुसऱ्या दिवशी मी आत्याला डिवचलं. पुढच्या फाटकापाशी, भिंतीच्या कडेला पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून पेरूची दोन बारकी रोपं आली होती. मी म्हणाले, “आत्या, दोन कुंड्या घेऊ. एक तुझी, एक माझी. तुझं रोप तू उपट, तूच लाव, तूच पाणी घाल. मी त्याच्या वाऱ्याला उभी राहणार नाही. माझं मी करते, आत्ता, या दिवसांत, दोन्ही हातांनी.”

“आणि तुझं मेलं की?”

“मेलं तर तू म्हणशील तसं.”

“लग्न होईपर्यंत दर महिन्याला बसायचं. निमूट. परीक्षा असो नाहीतर काही असो.”

“आणि तुझं मेलं तर?”

“माझं कशाला मरेल?” आत्या म्हणाली. ती खरंच चकित झाली होती.

आई आतून म्हणाली, “वन्सं, पोरीच्या नादी कुठे लागता,” पण आत्या तोवर कुंडी शोधायला गेली होती. मी मुद्दाम तिच्यादेखत माती कालवली. पानं कुरवाळली. पुढचे दोन दिवस दर तासाला उठून त्या रोपाला हात लावला, इतका की तिसरं कोणी पाहिलं असतं तर मला वेड लागलंय म्हटलं असतं. चार दिवस संपले तरी मी पाणी बादलीतलंच घालत राहिले, नळाचं. ड्रमवरचा माझा संशय गेला नव्हता, फक्त अण्णांच्या शब्दापुढे तो खालच्या आवाजात बोलत होता.

शाळेत केमिस्ट्रीच्या बाईंनी सगळ्या वर्गासमोर विचारलं की कुठे होतीस. मुलगे मागच्या बाकांवर होते. मी म्हणाले, बरं नव्हतं. बाई म्हणाल्या, “दर महिन्याला बरं नसेल तर आर्ट्सला जा. आणखी एक प्रॅक्टिकल बुडालं तर मी परीक्षेला बसू देणार नाही.” म्हणजे गणित सोपं होतं. माझं रोप जगलं तर मी बारावीला बसणार, नाही जगलं तर नाही. एका मुलीचं शिक्षण वीतभर रोपावर ठेवलेलं होतं आणि ते ठेवण्यात घरातल्या कोणालाही काही विचित्र वाटत नव्हतं.

दोन्ही कुंड्या मागच्या मातीत उन्हाला ठेवल्या होत्या. आत्याची सकाळ ठरलेली असायची. अंघोळ, देव, तुळस, मग ड्रममध्ये लोटी बुडवून स्वतःच्या रोपाला पाणी. तोवर नळ गेलेला असायचा. नेमकी तीच वेळ अण्णांच्या दाढीची. पडवीच्या खांबाला खिळ्यावर त्यांचा पत्र्याच्या चौकटीचा गोल आरसा होता. ते अंगणाकडे पाठ करून उभे राहायचे आणि त्यांना आरशात मागचं सगळं अंगण दिसायचं. मी बाजूला बसून पाठांतर करायचे, त्यामुळे मला आरशात ते दिसायचे. आत्या लोटी घेऊन ड्रमकडे वळली की त्यांचा हात थांबायचा. डोळे तिच्यामागे जायचे, ड्रमपासून कुंडीपर्यंत. पाणी पडून झालं की ब्लेड पुन्हा चालायला लागायचं. हे मी रोज पाहिलं. मला वाटायचं, त्यांनाही आमच्या पैजेची उत्सुकता आहे. मला बरंसुद्धा वाटायचं.

उत्तरायणच्या सकाळी सगळी सोसायटी पतंग घेऊन गच्च्यांवर होती. स्पीकर लागलेले, ‘ए काप्यो’ची बोंब, कोणाच्या तरी गच्चीवरून दुसऱ्या कोणाला आईबापांसकट उद्देशून काहीतरी. आई स्वयंपाकघरात गुळाची पोळी लाटत होती. आत्या दूर्वा खुडून उठली आणि कुंडीपाशी थांबली. मग खाली बसली. बराच वेळ उठली नाही म्हणून मी गेले. तिच्या रोपाचा शेंडा पिळलेला होता, ओलं फडकं पिळावं तसा, आणि वरची दोन पानं आत मिटलेली. आदल्या दिवशी संध्याकाळी ते नुसतं मलूल वाटत होतं. माझ्या रोपाला नवी पानं आली होती.

मी माझी कुंडी तिच्या कुंडीशेजारी सरकवली. बोलायची फार इच्छा होती.

आत्याने एका कुंडीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. भिंतीपलीकडच्या मांडवाकडे पाहिलं, तिथे आता नुसत्या काड्या होत्या. मग ड्रमकडे. तिने आत हात घातला, ओंजळभर पाणी काढलं, उजेडात धरलं आणि खाली सोडून दिलं. “वसंता,” तिने हाक मारली. “इकडे ये.”

अण्णा अर्ध्या दाढीला साबण असताना आले.

“या ड्रममध्ये काय होतं?”

“रंग होता, ताई. सांगितलं होतं ना.”

“तुझी उशी रंगते. तुझे बनियन रंगतात. हे पाणी इतके दिवस मी हाताने काढते, माझं नख रंगलं नाही.”

अण्णा आईकडे पाहायला लागले. आई लाटणं घेऊन दारात आली होती.

“नव्या शेडमधला आहे,” ते म्हणाले.

“तिथे काय करतात?”

“औषध. तण मारायचं. शेतात फवारतात ते.” आणि मग, जणू ड्रमच्या बाजूने काहीतरी बोलायला हवं म्हणून, “त्याने गवताला काही होत नाही. रुंद पानाचंच मरतं.”

आत्याच्या डाव्या हातात दूर्वा होत्या. तिने मूठ उघडून त्यांच्याकडे पाहिलं. त्या दिवशी गणपतीला दूर्वा वाहिल्या गेल्या नाहीत.

“तू रोज इथे दाढी करतोस,” ती म्हणाली. “मी रोज पाणी घालत होते.”

“काय सांगणार होतो मी?” अण्णांचा आवाज चढला. “चार घरी मीच दिलेत ड्रम. फाटकाबाहेर कसे आले म्हणून कंपनीत विचारलं तर नोकरीवर येईल. एका झाडासाठी? आणि ज्योतीचं म्हणशील तर चार दिवस बसायचं होतं, बसली. तिचं काय जात होतं?”

“माझं वर्ष जात होतं, अण्णा.”

“गेलं तर नाही ना?”

हे ते रागाने म्हणाले नाहीत. मला समजावत म्हणाले, साबण सुकलेल्या तोंडाने. त्यानंतर मी पुष्कळ माणसांवर चिडले, मुख्याध्यापकांवर, जावयावर, महानगरपालिकेवर. पण त्या सगळ्या रागांच्या तळाशी ते ‘ना’ आहे.

मी ड्रमला खांदा लावला. अर्धा भरलेला होता, हलेना. आई लाटणं खाली ठेवून आली. तिच्या दोन्ही मनगटांवर महिनाभर पुरळ होतं, ते ती थंडीचं म्हणत होती. तिने दुसऱ्या बाजूने हात घातला आणि एवढंच म्हणाली, “इथे नको. मोरीकडे.” नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही. आम्ही तो मोरीत आडवा केला. ते पाणी गटारात गेलं, गटारातून विश्वामित्रीत, आणि तिथे कोणाचं काय झालं याचा तेव्हा आम्ही विचार केला नाही. आता मी त्याच शहरात अकोट्याला राहते, रोज ती नदी ओलांडते, आणि करते.

“लोकांना सांगत सुटू नकोस,” अण्णा मागून म्हणाले. मी चारही घरी सांगितलं. कोकिळामासीला सगळ्यात आधी, तिच्या गच्चीवर जाऊन. तिने ऊंधियासाठी त्या वर्षी बाजारातून पापडी आणली होती आणि ती सोलत बसली होती. ऐकून घेतलं आणि विचारलं, “वसंतभाईने खबर हती?”

मी म्हणाले, हो, माहीत होतं.

तिने हातातली शेंग सोलून टाकली. मग म्हणाली, “तो आजे त्रण जणनुं मोकलीश.” म्हणजे आज मी तिघांपुरतंच पाठवीन. आणि पाठवलं. तीन वाट्या आल्या, मोजून. आम्ही तिघी जेवलो. अण्णांनी गुळाची पोळी खाल्ली.

आत्याने माझी माफी मागितली नाही. तिच्याकडून तशी अपेक्षाही कोणी करू नये. पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले तर ती स्वयंपाकघरातून म्हणाली, “जायच्या आधी वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी काढून दे. माझा हात पोचत नाही.” तिचा हात रोज पोचायचा. मी बरणी काढली. तिने झाकण उघडून फोडी काढल्या आणि बरणी पुन्हा माझ्याच हातात दिली, वर ठेवायला. लोणचं उन्हाळ्यापर्यंत पुरलं. प्रॅक्टिकलं पूर्ण झाली, बारावी झाली, पुढे मी आयुष्यभर विज्ञान शिकवून पोट भरलं. पेरूला पुन्हा फुटवा आला का, असं लोक विचारतात. नाही आला. आत्याने पावसाळ्यापर्यंत वाट पाहिली आणि मग स्वतः कुदळ घेऊन खोड उपटून काढलं. माझं रोप मासीच्या अंगणात लावलं. तिच्या मुलांनी पुढे गाडी लावायला जागा केली तेव्हा ते गेलं.

आत्या वारल्यावर अण्णांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली. ती असताना त्यांची हिंमत झाली नसती. त्यांच्या गोष्टीत ड्रम होता, पण तो आपला असाच कुठूनतरी आलेला होता. आत्या मूर्ख होती, मी हुशार होते, आणि ते स्वतः मागे उभे राहून लेकीचं कौतुक करणारे सुधारलेले बाप होते. आई तिथून उठून जायची. मी त्या मूर्ख बाईबद्दल एवढंच सांगेन की हरली तेव्हा तिने कुंडी लपवली नाही. लपवता आली असती. मी उठून तिथे जाईपर्यंत पुष्कळ वेळ होता. आणि रंगाच्या ड्रममधल्या पाण्यात रंग का उतरत नाही, हा प्रश्न सायन्सच्या मुलीला सुचला नव्हता, तिला सुचला.

शेवटच्या वर्षी अण्णा माझ्याकडे अकोट्याला होते. फार सामान आणलं नव्हतं, पण तो पत्र्याच्या चौकटीचा आरसा आणला होता आणि बाल्कनीत खिळा ठोकून घेतला होता. एका दुपारी माझ्या शाळेतल्या एक बाई त्यांना भेटायला आल्या. त्यांनी गोष्ट सांगितली. आवाज काढले, कप उचलला. बाई हसल्या, गेल्या. मी दार लावून आले आणि म्हणाले, “अण्णा, तुम्ही आरशातून काय बघत होतात ते कधीच का सांगत नाही?”

“कुठला आरसा?”

मी खिळ्यावरून आरसा काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्यात पाहिलं. मग हनुवटीवरून हात फिरवून म्हणाले, “दाढी वाढलीय, ज्योती.”

मी गरम पाणी आणलं, साबण लावला, दाढी करून दिली. तोवर त्यांचे हात कापायला लागले होते, माझे नव्हते. कुठेही ओरखडा आला नाही. तोंड पुसून झाल्यावर त्यांनी मांडीवरचा आरसा उचलला आणि माझ्याकडे परत दिला. पालथा करून.